कानकऱ्याच्या पागोट्यातला किरकिरा

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना नावं होती आणि गावांना अजून मिळायची होती. लहानांनी पुढं सरकून बसावं, मोठ्यांनी भिंतीला टेकलं तरी चालेल. ऐकायचं मात्र दोघांनी. आणि मोठ्यांनी जरा जास्तच, कारण गोष्ट त्यांच्या कानांची आहे.

एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावाच्या एका अंगाला दाट रान होतं आणि दुसऱ्या अंगाला गवताचा उतरता माळ. रानात किरकिरे होते. किरकिरे तुम्हाला ठाऊक असतील. उन्हाळा तापला की झाडाच्या सालीला चिकटून बसतात आणि सगळं रान किर्र करून सोडतात, तेच ते किडे. रानातले किरकिरे अंगठ्याएवढे मोठे होते. त्यांनी सूर धरला की गावातली माणसं एकमेकांशी ओरडून बोलत.

माळावरही किरकिरे होते, पण ते निराळे. नखाएवढं अंग, वाळल्या गवताचा रंग. शोधायला गेलात तर हाताखाली असून सापडायचे नाहीत. ते झाडावर चढत नसत. त्यांचा सगळा संसार गवतात. मादी काडीत अंडी घाली, पिल्लं जमिनीत उतरत आणि अंधारात, गवताच्या मुळांचा रस पीत, वर्षानुवर्षं राहत. मग एखाद्या वैशाखात ती वर येत, जुनी कात काडीला अडकवून ठेवत, पंख वाळवत आणि गायला लागत. थोडे दिवस गाणं, की खेळ आटोपला. त्यांचा आवाज फार बारीक आणि फार उंच होता. चांगल्या कानालाही तो लक्ष देऊनच ऐकावा लागे.

या किरकिऱ्यांशी गावाचा एक करार होता. गाव वसवणाऱ्या पूर्वजांनी आजूबाजूची सगळी जमीन भाजून नांगराखाली आणली होती. हा एवढा माळ उरला, तेव्हा त्यांच्यातल्या एका बाईला गवतातून तो बारीक सूर ऐकू आला. ती म्हणाली, "इथं आधीच कुणाचं तरी घर हाय." तेव्हा सगळ्यांनी माळावर हात ठेवून शब्द दिला, की जोवर तुमचा आवाज आहे तोवर हा माळ तुमचा. इथं नांगर नाही, आग नाही. ज्या वर्षी आवाज बंद होईल, त्या वर्षी माळ आमचा.

आवाज आहे की नाही हे बघायला गावानं एक मानकरी नेमला होता. त्याला कानकरी म्हणत. वैशाखात ऐन दुपारी कानकऱ्यानं चार वडीलधारी माणसं बरोबर घ्यायची, माळावरच्या सपाट दगडावर बसायचं आणि कान देऊन ऐकायचं. त्या दिवसांत बाकी कुणी माळावर पाऊल टाकायचं नाही. कानकऱ्यानं मान डोलावली की चौघं डोलावत, आणि गाव वर्षभर निश्चिंत होई.

आपल्या गोष्टीतला कानकरी तरुणपणी या मानाला चढला होता, आणि लायकीनं चढला होता. शेजारच्या गोठ्यात गाय कुशीवर वळली तरी त्याला घरात कळायचं. पण मान होता जन्मभराचा, आणि आधीचे कानकरी पिकायच्या आतच देवाघरी गेलेले. हा गडी दणकट निघाला. दात गेले, गुडघे गेले, तरी तो दर वैशाखात दगडावर जाऊन बसे. अलीकडे त्याची एकच तक्रार होती.

"आजकालची मानसं त्वांडातल्या त्वांडात बोलत्यात," तो म्हणे. "आमच्या येळंला मानसं खनखनीत बोलायची."

घरातले हसत आणि जरा मोठ्यानं बोलत. म्हाताऱ्या माणसाला कोण कशाला दुखवील?

आता गावाचं म्हणाल, तर गाव वाईट नव्हतं. अडलेलं होतं. माणसं वाढली होती आणि जमीन तेवढीच राहिली होती. भावाभावांत वाटण्या होऊन होऊन शेतांच्या अशा चिंध्या झाल्या होत्या, की औत धरलं तर बैल वळवायला जागा नसे. खुद्द कानकऱ्याच्या घरात हीच गत. दोन मुलगे, दोन पट्ट्या, आणि धाकट्याच्या पट्टीला शेवटी खडकच लागलेला. माळ मोकळा झाला तर धाकट्याला चांगला तुकडा मिळणार, असं गावानं आधीच ठरवून ठेवलं होतं. करार मोडायचं कुणाच्या मनात नव्हतं. पण यंदा आवाज नसला तर बरं, असं जवळजवळ प्रत्येकाच्या मनात होतं.

त्या वर्षीचा तो दिवस उजाडला. भर दुपारी कानकरी चौघांना घेऊन माळावर चढला आणि दगडावर बसला. त्यानं डोळे मिटले, कानामागं हात धरला आणि ऐकू लागला.

काहीच नाही.

दूर रानातल्या थोरल्या किरकिऱ्यांची किर्र तेवढी कानावर येत होती. त्यानं श्वास रोखला, मान इकडं वळवली, तिकडं वळवली. दर वर्षी हा आवाज बारीक होत चाललाय, हे त्याला जाणवत होतं. मागच्या वैशाखात तर तो केसाएवढा उरला होता. आज तोही नव्हता. म्हाताऱ्याला खरोखर वाईट वाटलं. त्यानं सोबत्यांकडं पाहिलं.

"तुमास्नी?"

चौघांनी नाही म्हणून माना हलवल्या.

"मंग संपलं त्यांचं," कानकरी म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता खरी गंमत ऐका. म्हातारा हे बोलत होता, तेव्हा एक किरकिरा त्याच्या पागोट्यावर बसून जीव तोडून गात होता. गाणाऱ्याला उंच जागा लागते, आणि त्या माळावर कानकऱ्याच्या पागोट्याएवढं उंच दुसरं काही नव्हतं. आणि तो एकटाच नव्हता. दगडाच्या चहूबाजूंनी सगळं गवत गात होतं.

"हे म्हणतात आपण संपलो," खालच्या काडीवरचा एक जुना किरकिरा म्हणाला. "आता माळ पेटवतील. अरे, तू तर त्याच्या कानाशी आहेस. जरा जोरात गा."

"याहून जोरात गायलो तर फाटेन मी," पागोट्यावरचा म्हणाला.

"मग उडून रानात जाऊ या," तिसरा घाबरून म्हणाला.

"रानात जाऊन खायचं काय? त्या जाड सालीत आपली सोंड शिरायची नाही," जुना किरकिरा म्हणाला. "आणि आपण गेलो तरी खाली मुळाशी पोरं आहेत. गवत जळालं, वर नांगर फिरला, की ती कुठं जातील? त्यांना अजून पंखही फुटले नाहीत."

पागोट्यावरचा किरकिरा पुन्हा गायला लागला. तेवढ्यात कानकरी उठला, पागोटं सारखं करायला त्यानं हात वर नेला, आणि किरकिरा गडबडून पागोट्याच्या पिळात घुसला. घुसला तो अडकला. असा तो माळ सोडून गावात निघाला.

गावात दवंडी पिटली. आवाज नाही, माळ गावाचा झाला. आनंदानं कुणी ओरडलं नाही, पण घराघरांत हालचाल सुरू झाली. संध्याकाळी वारा पडला की माळ भाजायचा असं ठरलं. पुरुष अंगणात टेंभे बांधायला बसले, म्हणजे काठ्यांच्या टोकांना चिंध्या गुंडाळून तेलात भिजवू लागले.

कानकरी घरी आला. पागोटं काढून त्यानं शेजारी ठेवलं आणि तो जेवायला बसला. धाकटी सून वाढत होती. तिचा नवरा बाहेर अंगणात टेंभा बांधत होता. सुनेनं भाकरी पुढं केली आणि तिचा हात थांबला.

"मामंजी," ती म्हणाली, "तुमच्या पागोट्यात काय वरडतंय?"

बोलून गेली आणि मग तिनं जीभ चावली. कारण पागोट्यातून येणारा तो आवाज रानातला नव्हता. बारीक, उंच, कानात दाभण घालावा तसा तो आवाज तिनं या घरात आल्यापासून वर्णनानं ऐकला होता. तिला कळलं, आणि त्याबरोबर आपला तुकडाही डोळ्यांसमोर आला. खडक नसलेला, बैल वळतील असा, पोरांच्या हाती देता येईल असा.

"काय म्हनतीस?" म्हाताऱ्यानं विचारलं. "त्वांडातल्या त्वांडात बोलू नगंस."

सुनेनं थांबलेला हात पुढं केला.

"भाकरी वाढू का म्हनलं," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि घास घेतला. पागोट्यातला आवाज चालूच होता. सुनेनं कालवण वाढलं, आवाज चालूच. तिनं पाण्याचा तांब्या भरून ठेवला, चुलीतलं लाकूड मागं ओढलं, उगाच एकदा आत जाऊन आली. आवाज चालूच. अडकलेला जीव जसा ओरडतो तसाच तो ओरडत होता. तिला तो सहन होईना. ती म्हाताऱ्यासमोर येऊन बसली, पागोटं मांडीवर घेतलं आणि एकेक पीळ सोडू लागली.

"आगं, काय करतीस?"

शेवटच्या पिळात तो सापडला. तिनं तो तळहातावर घेतला आणि म्हाताऱ्यापुढं धरला. नखाएवढा, वाळल्या गवताच्या रंगाचा. त्याचं पोट थरथरत होतं.

म्हाताऱ्यानं तो लगेच ओळखला. "म्हंजी एखादा जगलाय अजून," तो म्हणाला. "पन मुका हाय बिचारा."

"मुका न्हाई, मामंजी," सून हळूच म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "मुका न्हाई. माज्या कानाला दडा बसायची पाळी आलीया."

त्याच वेळी तिचा नवरा टेंभा हातात घेऊनच दारात आला. "घरात काय किरकिरतंय गं मघापासनं?" त्यानं विचारलं.

म्हाताऱ्यानं सुनेकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं, आणि मग त्या थरथरणाऱ्या पोटाकडं पाहिलं. त्यानं कान जवळ नेला, आणखी जवळ नेला. काही नाही. हातातला घास त्यानं ताटात ठेवला. त्याला आधी लाज वाटली आणि मग भीती वाटली. आपण आज काय बोलून आलो, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

मुलाच्याही ध्यानात आलं. तो उंबऱ्यावर बसला.

"आबा," तो म्हणाला, "एक किडा घरात वरडला म्हनून माळावर आवाज हाय आसं हुत न्हाई. तुमी न्हाई म्हनलाय. ती चौघं न्हाई म्हनल्यात. झालं की मंग."

म्हाताऱ्यानं ताट बाजूला सारलं.

"माज्या पट्टीत बैल वळत न्हाई, आबा. पोरास्नी काय दिऊ मी?"

"खरं हाय तुजं," म्हातारा म्हणाला. "सारं खरं हाय. पन खोटा शबुद दिऊन माळ घेतला, तर त्याच पोरास्नी त्वांड कसं दावू?"

त्यानं किरकिऱ्याला अलगद ओंजळीत घेतलं आणि बोडक्या डोक्यानंच तो घराबाहेर पडला. पागोट्याशिवाय कानकरी कधी उंबरा ओलांडत नसे. सून त्याच्या मागं निघाली. मुलगाही निघाला, टेंभा खांद्यावर टाकून, धुसफुसत.

माळाच्या कडेला, नांगरलेल्या शेतात, सगळं गाव जमलं होतं. ऊन उतरलं होतं, वारा पडला होता, टेंभे पेटले होते. पुढं होऊन पहिली ठिणगी टाकायची ती कानकऱ्यानं, म्हणून सगळे त्याचीच वाट पाहत होते. एकानं पुढं येऊन धाकट्याच्या टेंभ्याला आपला टेंभा लावून तो पेटवून दिला.

कानकरी माळ आणि माणसं यांच्या मधे जाऊन उभा राहिला.

"मला ऐकू येत न्हाई," तो म्हणाला.

"म्हनून तर जमलोय, आज्या," कुणीतरी म्हणालं.

"तसं न्हवं. किरकिरं गात्यात. माजं कान गेल्यात." त्यानं ओंजळ उघडून दाखवली. "ह्यो माज्या डोक्यावर बसून गात हुता, आन् मी म्हनलो आवाज न्हाई. आता मी ईचारतो, तुमी सांगा. ज्याला माळावरला आवाज ऐकू येतोय, त्यानं टेंभा मातीत खुपसून इझवावा. ज्याला येत न्हाई त्यानं धरून ऱ्हावं."

कुणी हललं नाही. खरं सांगायचं तर त्या जमावातल्या बहुतेकांना आवाज ऐकू येत होता. इथं आल्यापासूनच येत होता. पण चौघा वडीलधाऱ्यांनी नाही म्हटलंय म्हणजे नाहीच, आपल्याला ऐकू येतंय ते रानातलं असेल, असं प्रत्येकानं आपल्या मनाला सांगून टाकलं होतं. आणि अडलेल्या माणसाचं मन असं काही फार लवकर ऐकतं.

धाकट्या मुलाला मात्र स्वतःला फसवायची सोय उरली नव्हती. आवाज कुठला, हे त्यानं घरात अगदी जवळून ऐकलं होतं. त्यानं एकदा माळाकडं पाहिलं, जिथं त्याचा तुकडा होणार होता तिथं. मग त्यानं टेंभा असा जोरात मातीत खुपसला, की काठीच मोडली.

"येतोय आवाज," तो म्हणाला. "कवापासनं येतोय."

मग त्याच्या शेजारच्यानं टेंभा विझवला. मग पलीकडच्या बाईनं. मग एकामागून एक टेंभे मातीत जाऊ लागले, आणि जसजसे विझत गेले तसतशी शांतता वाढत गेली, आणि त्या शांततेत तो बारीक सूर इतका स्पष्ट ऐकू येऊ लागला की लोक एकमेकांकडं पाहून माना डोलावू लागले.

शेवटी चार टेंभे जळत राहिले. ते चौघा वडीलधाऱ्यांच्या हातात होते.

चौघं एकमेकांकडं पाहत राहिले. मग त्यांतला सगळ्यात म्हातारा खाकरला.

"आता सांगूनच टाकतो," तो म्हणाला. "मला तर कैक वरसं झाली, त्या दगडावर कायबी ऐकू येत न्हाई. ह्यो मान डोलवायचा, म्हनून मी डोलवायचो."

"मीबी," दुसरा म्हणाला.

"मला वाटायचं, मला एकट्यालाच येत न्हाई," तिसरा म्हणाला. "लाज वाटायची ईचारायला."

चौथा काहीच बोलला नाही, कारण बाकीचे काय म्हणाले तेही त्याला ऐकू आलं नव्हतं. त्याच्या सुनेनं त्याच्या हातातला टेंभा काढून घेतला आणि विझवला.

आधी कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं. मग सगळं गाव हसायला लागलं, म्हातारेसुद्धा. आपण केवढ्या मोठ्या चुकीच्या काठावरून मागं फिरलो हे जसजसं उमगत गेलं, तसं ते हसू वाढतच गेलं. हसता हसता काही जणांनी डोळे पुसले. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं सगळ्यांना झालं होतं. कानकऱ्यानं खाली वाकून ओंजळ गवतात मोकळी केली. किरकिरा एका काडीवर चढला आणि थोडं दम खाऊन पुन्हा आपल्या कामाला लागला.

"काय झालं रे?" जुन्या किरकिऱ्यानं त्याला विचारलं.

"गावात जाऊन आलो," तो म्हणाला. "तिथं एकीला ऐकू येतं."

माळ वाचला. मुळाशी झोपलेल्या पोरांना वर काय घडून गेलं याची गंधवार्ताही नव्हती. ती रस पीत राहिली, आणि पुढं आपापल्या वैशाखात वर आली.

जमिनीचा गुंता काही आपोआप सुटला नाही. कानकऱ्याच्या दोघा मुलांनी वाटणी मोडली, मधला बांध काढला आणि पुन्हा एकत्र औत धरलं. भांडणं झाली, नाही असं नाही. दोन्ही जावांची चूल एक व्हायला तर आणखी वेळ लागला. पण बैल वळू लागले. ते पाहून आणखी काही घरांनी तेच केलं.

कानकऱ्यानं मान सोडायची तयारी दाखवली. गाव म्हणालं, मान तुझाच, फक्त रीत बदलू. तेव्हापासून वैशाखातल्या त्या दुपारी दगडावर कुणी एकटा मानकरी बसत नाही. पोरंसोरं, लेकी-सुना, तरणे, म्हातारे, सगळे जातात. म्हातारा कानकरी जगला तोवर तोही जात राहिला. त्याला काही ऐकू येत नसे. तो पोरांच्या तोंडाकडं पाहत बसे. पोरांचे डोळे मोठे झाले, की त्याला कळे, सूर लागला. मग तो समाधानानं मान डोलवी, आणि त्या वेळी त्याच्याइतका आनंदी माणूस गावात दुसरा नसे.

म्हणून लक्षात ठेवावं: आपल्याला ऐकू आलं नाही, म्हणजे कुणी बोललंच नाही असं होत नाही.